भातानंतरचे कलिंगड : जुनवानी परिसरातील शेतीसाठी पोषण, कीड व रोग व्यवस्थापन

डिसेंबर सरता सरता छत्तीसगडच्या मैदानातील भात खळ्यावर पोहोचतो आणि दुर्ग जिल्ह्यातील शिवारे मोकळी होतात. भिलाईलगतचे जुनवानी हे नाव आज महाविद्यालये व नव्या वसाहतींमुळे अधिक परिचित आहे. तरीही या पट्ट्यातील शेतीचा कणा भातच राहिला आहे. कापणीनंतर काही खाचरांत उतेरा पद्धतीने तिवरा, म्हणजे विदर्भातील लाखोळी, घेतली जाते. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे ते उन्हाळी भाताकडे वळतात. उरलेली जमीन जूनपर्यंत पडीक राहते. याच मोकळ्या चार महिन्यांत बसणारे, शहराच्या बाजारपेठेजवळ विकले जाणारे आणि उन्हाळी भाताहून कमी पाणी मागणारे पीक म्हणजे कलिंगड.

छत्तीसगढीत याला कलिंदर म्हणतात, विदर्भात टरबूज आणि कोकण-पश्चिम महाराष्ट्रात कलिंगड. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. भिलाईच्या पोलाद कारखान्यानेही पुढे अनेक मराठी कुटुंबांना या भागात आणले. त्यामुळे येथील पिकाकडे पाहताना कोकणाचे उदाहरण उपयुक्त ठरते. रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंतचे शेतकरी भात काढल्यानंतर त्याच खाचरांत कलिंगड घेत आले आहेत. भातामागून कलिंगड ही फेरपालट त्यामुळे नवी नाही. जमीन व हवामान यांनुसार ती बसवून घ्यावी लागते, एवढेच.

मात्र या पिकाचा हंगाम जितका छोटा, तितकी चूक महाग. लागवडीपासून काढणीपर्यंत जेमतेम ७० ते ७५ दिवस मिळतात. पहिल्या महिन्यात विषाणू शिरला किंवा फुलोऱ्यात मधमाश्या मेल्या, तर भरपाईला वेळ उरत नाही. अशा नुकसानीनंतर शेतकरी पुढील वर्षी फवारण्या वाढवतो आणि तोटाही वाढतो. पुढील विवेचन हा फेरा टाळण्यासाठी आहे.

जमीन : भातखाचराचा फायदा आणि अडचण

छत्तीसगडमधील शेतकरी जमिनीचे चार प्रकार ओळखतात. भाटा ही उथळ, मुरमाड व तांबूस. मटासी पिवळसर व मध्यम. डोरसा त्याहून खोल. आणि कन्हार काळी, भारी. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला कछार म्हणतात. कलिंगडाला निचऱ्याची, सहा ते सात सामू असलेली मध्यम जमीन मानवते. त्या दृष्टीने कछार व मटासी उत्तम, डोरसा चांगली, तर कन्हार जमिनीत उंच गादीवाफा आणि बेताचे पाणी या दोन अटी पाळाव्या लागतात. भाटा जमिनीत सेंद्रिय खत आणि बोरॉनकडे विशेष लक्ष द्यावे.

भातखाचराचा एक मोठा फायदा आहे. पावसाळाभर पाणी साचून राहिल्याने जमिनीतील काही रोगकारक बुरशी व सूत्रकृमींची संख्या घटते. अडचण अशी की, चिखलणीमुळे नांगराच्या तळाशी घट्ट थर तयार होतो. कलिंगडाचे सोटमूळ त्या थराला अडते, पाणी वर साचते आणि वेल दुपारी माना टाकू लागतात. पुष्कळदा हा प्रकार मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी केली जाते. म्हणून वाफसा येताच खोल नांगरट करून थर फोडावा आणि १५ ते २० सें.मी. उंचीचे गादीवाफे करावेत. भाताचे धसकट ताजे असताना गाडल्यास ते कुजवणारे जीवाणू जमिनीतील नत्र तात्पुरते वापरतात व रोपे पिवळी पडतात. त्यामुळे नांगरट व लागवड यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर असावे.

आणखी एक स्थानिक बाब. भात निघाल्यानंतर गुरे मोकळी सोडण्याची रीत या भागात आहे. एकाकी हिरवा प्लॉट गुरांच्या नजरेतून सुटत नाही. कुंपणाचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा, किंवा लगतच्या चार-पाच शेतकऱ्यांनी सलग क्षेत्रात एकत्र लागवड करावी.

वेळ : थंडी आणि उन्हाच्या मधली खिडकी

कलिंगडाच्या उगवणीला जमिनीचे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस उत्तम. ते १८ अंशांच्या खाली असल्यास बी कुजते किंवा अडखळत उगवते. दुसरीकडे, एप्रिलमध्ये या परिसरात तापमान ४० अंशांपर्यंत व त्यापुढे जाते. तेव्हा फळधारणा घटते आणि फुलकिडे व लाल कोळी वाढतात. या दोन टोकांच्या मध्ये पीक बसवण्यासाठी जानेवारीच्या मध्यास प्रो-ट्रेमध्ये बी टाकावे आणि १२ ते १५ दिवसांची, दोन खऱ्या पानांची रोपे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावावीत. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मादी फुले येतात आणि शुगर बेबी प्रकारची लहान फळे एप्रिलच्या मध्यापर्यंत तयार होतात.

रमजानच्या मागणीकडे पाहून लागवड करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रमजान महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. तो फेब्रुवारी किंवा जानेवारीत आला की त्यासाठीचे पीक कडक थंडीत वाढवावे लागते. थंडीत फुललेल्या वेलीवर मधमाश्या कमी येतात, परागीभवन अपुरे होते आणि फळात पोकळी राहण्याचे प्रमाण वाढते. आच्छादन, रोपवाटिका व मधुपेट्या यांची तयारी असेल तरच अशी लवकर लागवड करावी.

वाणांमध्ये शुगर बेबी हा जुना, लहान फळांचा व गडद सालीचा वाण सर्वपरिचित आहे. बेंगळुरू येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का माणिक हा वाण भुरीला प्रतिकारक आहे व केवडा आणि करपा या रोगांना सहनशील म्हणून ओळखला जातो. संकरित वाण निवडताना बाजारातील मागणीइतकेच रोगप्रतिकाराकडेही पाहावे. डिंक्या खोडकरपा व फळांवरील जीवाणूजन्य डाग हे रोग बियाण्यातून येतात. म्हणून स्वतःच्या संकरित पिकाचे किंवा बिलाविना घेतलेले बी वापरू नये.

लागवड आणि पाणी

दोन मीटर अंतरावरील गादीवाफ्यांवर अर्ध्या मीटरवर एक रोप लावल्यास प्रत्येक वेलीला एक चौरस मीटर जागा मिळते आणि एकरी सुमारे ४,००० रोपे बसतात. वाफ्यावर ठिबकची नळी व २५ ते ३० मायक्रॉनचे चंदेरी-काळे आच्छादन अंथरावे. चंदेरी बाजू वर ठेवण्याचे कारण केवळ तण किंवा ओलावा नाही. तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे मावा, फुलकिडे व पांढरी माशी यांचे वेलीवर उतरणे कमी होते. पुढे वेलीने आच्छादन झाकले की हा परिणाम संपतो. म्हणजे त्याचा उपयोग नेमका पहिल्या महिन्यात, विषाणूचा धोका सर्वाधिक असतो तेव्हाच होतो.

या अंतरामुळे पाण्याचा हिशेबही सोपा होतो. एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. दैनिक बाष्पीभवन ८ मि.मी. असेल, तर त्याला ०.७ ने गुणून ५.६ मि.मी. मिळतात. लागवडीनंतरच्या काळात वेलीला यांपैकी ४० टक्के, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी पुरते. फळे पोसण्याच्या काळात संपूर्ण ५.६ लिटर लागते. एकराचा त्या काळातील दैनिक खप ४,००० वेलींसाठी सुमारे २२,४०० लिटर होतो. आपल्या विंधनविहिरीतून मार्चअखेरीस एवढे पाणी मिळेल का, हे लागवडीपूर्वीच तपासावे. पाणी कमी असल्यास अर्धा एकर लावावे. पूर्ण एकर लावून फळे पोसण्याच्या काळात पाणी तोडणे हे सर्वांत नुकसानीचे.

काढणीपूर्वी पाच ते सात दिवस पाणी हळूहळू कमी करावे. एकदम ताण व मग भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात.

पोषण : फळ कशाचे बनते

कृषी विद्यापीठांच्या प्रचलित शिफारशींनुसार कलिंगडाला हेक्टरी १५ ते २० टन शेणखत आणि १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश ही मात्रा आधारभूत मानली जाते. एकरासाठी ती ४०:२०:२० किलो होते. सरळ खतांत हिशेब केल्यास सुमारे ८७ किलो युरिया, १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. माती परीक्षणाच्या अहवालानुसार यात फेरफार करावा. काळ्या कन्हार जमिनीत पालाश बहुधा पुरेसा असतो, तर भातखाचरात जस्ताची कमतरता वारंवार आढळते.

स्फुरद व पालाश पूर्ण आणि नत्र अर्धे लागवडीच्या वेळी द्यावे. उरलेले नत्र ठिबकमधून, फळधारणेपर्यंत तीन-चार हप्त्यांत विभागून द्यावे. विद्राव्य खते वापरणाऱ्यांनी फळ लिंबाएवढे झाल्यावर नत्र आवरून पालाशाचे प्रमाण वाढवावे. या टप्प्यानंतर दिलेले जादा नत्र वेल माजवते, साल मऊ करते आणि गोडी घटवते. वेल किती दाट दिसतो यावरून खताचे यश मोजण्याची सवय सोडली पाहिजे. पाने मध्यम, शेंडा तजेलदार आणि पेरांतील अंतर नेटके असणे हीच समतोल पोषणाची खूण.

तीन लक्षणे शेतात वारंवार दिसतात आणि तिन्हींची गल्लत होते.

फळाच्या फुलाकडील टोकाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला तर ती कॅल्शिअमची उणीव. परंतु बहुतेक वेळा जमिनीत कॅल्शिअम असते. अनियमित पाण्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रथम पाणी नियमित करावे, नंतर कॅल्शिअम नायट्रेटचा विचार करावा. हे खत स्फुरद किंवा सल्फेटयुक्त खतांसोबत एकाच टाकीत मिसळू नये. साका बसून ठिबकची छिद्रे बुजतात.

शेंडे ठिसूळ होणे, कोवळी फळे वेडीवाकडी होणे व तडकणे हे हलक्या जमिनीत बोरॉनच्या कमतरतेमुळे होऊ शकते. फुलोऱ्यापूर्वी बोरिक ॲसिड लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात एकदा फवारणे पुरेसे ठरते. बोरॉनची गरज आणि विषारी मात्रा यांतील अंतर थोडे असल्याने वारंवार फवारणी टाळावी.

फळे पोसताना खालच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ती मॅग्नेशिअमची उणीव असते. ती विषाणू समजून वेल उपटू नयेत. विषाणूची लक्षणे कोवळ्या शेंड्यावर उमटतात, तर मॅग्नेशिअमची उणीव जुन्या पानांवर.

मधमाशीची सकाळ

कलिंगडाच्या वेलीवर नर व मादी फुले वेगळी असतात. प्रथम नर फुले येतात. मादी फूल सूर्योदयानंतर उमलते आणि केवळ त्या एका दिवसाचे असते. त्याच्या तिन्ही भागांत पुरेसे परागकण पडण्यासाठी मधमाशीच्या सुमारे आठ भेटी लागतात. त्या अपुऱ्या राहिल्या तर फूल गळते किंवा फळ एका बाजूने वाढून वाकडे होते.

यावरून फवारणीचा नियम ठरतो. मादी फुले दिसू लागल्यापासून फळधारणा पूर्ण होईपर्यंत सकाळी कोणतेही कीटकनाशक फवारू नये. अपरिहार्य असल्यास सूर्यास्तानंतर, मधमाश्यांना कमी घातक असे औषध वापरावे. एकरी एक-दोन मधुपेट्या फुलोऱ्याच्या आरंभी ठेवाव्यात आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही फवारणीच्या वेळेविषयी कळवावे. बुंध्याजवळचे पहिले फळ बहुधा बेडौल होते. ते खुडून आठव्या ते बाराव्या पेराच्या दरम्यानची एक किंवा दोन फळे राखावीत.

विषाणू : औषध नाही, अटकाव आहे

आजचे सर्वांत गंभीर संकट कलिंगडावरील कळी करपा विषाणूचे आहे. १९९०च्या दशकापासून भारतात तो नोंदला गेला आहे. शेंडा ताठ उभा राहतो, पेरे आखूड होतात, कोवळी पाने पिवळसर ठिपकेदार होऊन शेंडा काळा पडतो व वाळतो. हा विषाणू फुलकिडे पसरवतात. फुलकिडीचे पिल्लू रोगट झाडावर पोसले तरच विषाणू घेते. प्रौढ झाल्यावर ती कीड आयुष्यभर तो पसरवते. म्हणजे शेतात आधीपासून असलेले रोगट वेल हीच पुढील प्रसाराची रोपवाटिका असते. असे वेल पहिल्या महिन्यात दिसताच पिशवीत घालून शेताबाहेर नष्ट करणे हाच खरा उपचार.

माव्याने पसरणाऱ्या केवडावजा मोझेक विषाणूंची रीत वेगळी आहे. मावा काही सेकंदांच्या टोचणीत विषाणू घेतो आणि देतो. कीटकनाशकाने मरण्यापूर्वीच त्याचे काम झालेले असते. म्हणून मोझेक दिसल्यावर फवारण्यांची संख्या वाढवून फारसा लाभ होत नाही. पांढरी माशी टोमॅटोवरील पर्णगुच्छ विषाणू काकडीवर्गीय पिकांवर आणते. दुर्ग जिल्ह्यातील धमधा परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारीत संपत आलेल्या टोमॅटोच्या प्लॉटशेजारी कलिंगड लावणे म्हणजे पांढऱ्या माशीला आमंत्रणच. जुने टोमॅटो आधी उपटून नष्ट करावेत, मगच लागवड करावी.

अटकावाची साखळी अशी असावी : रोपवाटिका ४० ते ५० मेश जाळीत, लागवडीपूर्वी १५ ते २० दिवस प्लॉटभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी, लागवडीनंतर लगेच वाफ्यांवर न विणलेल्या कापडाचे क्रॉप कव्हर, मादी फुले दिसेपर्यंत, एकरी १० ते १५ निळे व पिवळे चिकट सापळे. आठवड्यातून दोनदा पंचवीस वेलींचे शेंडे पांढऱ्या कागदावर झटकून फुलकिडे मोजावेत. संख्या वाढू लागताच निंबोळी अर्क ५ टक्के फवारावा. गरज पडल्यास कलिंगडासाठी लेबलवर नोंद असलेले कीटकनाशक वापरावे. सलग दोन फवारण्यांत एकाच रासायनिक गटाचे औषध येऊ देऊ नये.

इतर किडी

तांबडे भुंगेरे उगवत्या रोपांची बीजपत्रे खातात. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचता येतात. क्रॉप कव्हर असल्यास हा प्रश्न बहुतांशी मिटतो. नागअळीच्या नागमोडी रेषा भयानक दिसतात, परंतु खालच्या पानांपुरत्या असतील तर फवारणीची घाई नको. तिचे परोपजीवी कीटक फवारणीने आधी मरतात. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. क्यू-ल्यूरचे सापळे एकरी पाच-सहा लावावेत. मात्र त्यांत केवळ नर माश्या अडकतात. म्हणून किडकी व गळलेली फळे रोज गोळा करून दोन फूट खोल पुरणे तितकेच आवश्यक. फळांखाली भाताचा पेंढा पसरल्यास जमिनीतील अळ्या व कूज या दोन्हींपासून बचाव होतो.

रोग : ओळख आधी, औषध नंतर

मर रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. एक-एक वेल दुपारी मलूल होतो, संध्याकाळी सावरतो आणि काही दिवसांत वाळतो. बुंध्याजवळचे खोड उभे चिरल्यास आतील वाहिन्या तपकिरी दिसतात. मुळांवर गाठी असल्यास सूत्रकृमी समजावेत. दोन्ही नसून मुळे काळपट व ओली असल्यास निचऱ्याचा दोष. ही तीन मिनिटांची तपासणी आळवणीच्या खर्चापूर्वी झालीच पाहिजे. मर आढळलेल्या जागी किमान पाच वर्षे काकडीवर्गीय पीक घेऊ नये. जपान व कोरियात १९२०च्या दशकापासून कलिंगडाचे कलम भोपळावर्गीय खुंटावर करून हा रोग टाळला जातो. छत्तीसगडमध्ये वांगी व टोमॅटोची कलमी रोपे शेतकऱ्यांच्या परिचयाची असल्याने हा मार्ग येथे परका वाटणार नाही. लागवडीपूर्वी १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून, आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ठेवून वाफ्यात द्यावे.

केवडा व भुरी यांची गल्लत टाळावी. केवड्यात पानावर पिवळे, पुढे तपकिरी डाग पडतात आणि दमट सकाळी पानाखाली राखाडी-जांभळट बुरशी दिसते. फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पावसानंतर तो झपाट्याने पसरतो. भुरीत पानावर पांढरी पूड असते व ती कोरड्या हवेत वाढते. दोन्हींचे रोगकारक इतके भिन्न आहेत की भुरीचे औषध केवड्यावर सहसा लागू पडत नाही. गंधक भुरीवर स्वस्त व प्रभावी असले तरी कडक उन्हात काकडीवर्गीय पाने करपवते. तापमान ३२ अंशांच्या पुढे गेल्यावर ते टाळावे.

काढणी आणि नोंद

फळाजवळची तणावाची तार वाळणे, जमिनीला टेकलेला पांढरा भाग पिवळसर होणे आणि टिचकी मारल्यावर बद्द आवाज येणे, या तीन खुणा एकत्र पाहाव्यात. परागीभवनाच्या दिवसांत काही वेलींना तारखेची चिठ्ठी बांधल्यास अंदाज अधिक नेमका होतो. शुगर बेबी प्रकारात ३० ते ३५ दिवस लागतात. फळ देठासह कापावे, ओढून तोडू नये. शेवटच्या फवारणीनंतर लेबलवरील प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याशिवाय फळ बाजारात नेऊ नये.

काढणी संपताच वेल शेतात वाळत ठेवू नयेत. फुलकिडे व पांढरी माशी त्यांवरून लगतच्या भाजीपाल्यावर जातात. वेल गोळा करून खड्ड्यात कुजवावेत आणि आच्छादनाचा कागद गुंडाळून शेताबाहेर काढावा. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्लॉटमागे चार नोंदी ठेवाव्यात : रोगट वेल कितव्या दिवशी प्रथम दिसला, कोणत्या बाजूने दिसला, शेजारी कोणते पीक होते आणि मर आढळलेल्या जागा कोणत्या. जूनमध्ये त्या जागी पुन्हा भात उभा राहील आणि सर्व खुणा पाण्याखाली जातील. पुढील जानेवारीत वाफे कोठे पाडायचे आणि मक्याची दाट ओळ कोणत्या बाजूस हवी, हे तेव्हा या वहीवरूनच ठरवता येईल.